टिल्लूला जोडी आणताना

टिल्लूला जोडी आणायची असं तुम्ही दोघांनी ठरवलंय, आणि नवीन पाहुण्याचं नावही पक्कं करून मोकळे झालात म्हणे. छान केलंत. पण ज्याच्यासाठी आणायची त्याला विचारलंत का? हसू नकोस चिंगे. पोपटाच्या जातीला विचारता येतं आणि तो उत्तरही देतो. फक्त ते उत्तर पुरतं कळायला दीड-दोन महिने लागतात. बसा इथे, सांगतो.

आधी हा टिल्लू मुळात कुठला, ते ऐका. दुकानात त्याला लव्हबर्ड म्हणून विकलं. आपल्याकडे सगळे तसंच म्हणतात. पण लव्हबर्ड हा आफ्रिकेतला निराळा पक्षी. आपला टिल्लू बजरीगर, लाडानं बजी, आणि त्याचं मूळ घर ऑस्ट्रेलियात. त्या खंडाच्या मधोमध नुसता कोरडा मुलूख. पाऊस कधी पडेल, कुठे पडेल, काही नेम नाही. पडला की गवत उगवतं, गवताला बी धरतं, आणि बजींचे थवे तिकडे धावतात. बी संपलं की पुन्हा पुढचा पाऊस शोधायचा. हजारो पक्षी एकदम वळतात, पण एकमेकांवर आपटत नाहीत. १८०५ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली, आणि १८४० मध्ये जॉन गूल्डनं काही जिवंत बजी जहाजातून इंग्लंडला नेले. रानातला बजी हिरवा-पिवळाच असतो. टिल्लूचा हा निळा रंग माणसानं पिंजऱ्यात निवडून निवडून जोपासलेला.

अशा उघड्या माळावर थव्यातून मागे पडलेला बजी म्हणजे ससाण्याचं जेवण. त्यामुळे एकटं राहणं त्याच्या रक्तातच नाही. मग आपल्या घरात एकट्यानं आलेल्या टिल्लूनं काय केलं? त्यानं तुम्हालाच थव्यात भरती करून घेतलं. सोन्या, तू शाळेतून येऊन जिन्यात बूट काढतोस तेव्हा तो आतून एक ठरावीक ‘चिर्रिप’ करतो ना? ती आपल्या माणसाला मारलेली हाक. ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस?’ आणि आरशातल्या पोपटाला तो मान वर-खाली करत गिळलेलं राळं बाहेर काढून भरवायला जातो, ते पाहून तुम्ही लोळून हसता. तो मात्र ते मनापासून करत असतो. समोरचा एकदाही खात नाही, याचं त्याला काय वाटत असेल कोण जाणे. मला विचाराल तर तो आरसा मी कधीच काढून टाकला असता, पण या घरात माझं ऐकतं कोण!

तेव्हा जोडी हवी हे तुमचं म्हणणं खोटं नाही. व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आफ्रिकेतले करडे पोपट घेतले, काही एकटे ठेवलेले, काही जोडीनं राहणारे, आणि त्यांचं रक्त तपासलं. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या धाग्यांच्या टोकाला टोपणं असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. वय वाढतं तशी ती झिजत जातात. एकट्या पोपटांची टोपणं जोडीतल्या पोपटांपेक्षा जास्त झिजलेली निघाली. किती जास्त? नऊ वर्षांच्या एकट्या पोपटाची टोपणं तेवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या जोडीतल्या पोपटाएवढी आखूड! एकटेपण नुसतं मनाला लागत नाही पोरांनो, ते पेशीत उतरतं.

“मग आजच आणू या!”

थांब की जरा. आता दुसरी गोष्ट ऐक, आणि ही जरा भीतीची आहे.

१९२९ च्या नाताळात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात अ‍ॅनापोलिस नावाच्या गावी एका गृहस्थानं बायकोला भेट म्हणून पोपट आणला. दक्षिण अमेरिकेतून बोटीनं आलेला हिरवा पोपट. तो दोन-चार दिवसांत मलूल झाला आणि मेला. मग घरातली माणसं एकेक करून अंथरुणाला खिळली. ताप, खोकला, छाती भरलेली, आणि डॉक्टरांना रोग ओळखता येईना. अखेर वॉशिंग्टनला तार गेली. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत चार्ल्स आर्मस्ट्राँग नावाचे डॉक्टर होते, त्यांनी तळघरात आजारी पोपट आणून शोध सुरू केला. त्यांचा सहायक त्या रोगानं दगावला. स्वतः आर्मस्ट्राँग मरणाच्या दारातून परत आले. त्याच इमारतीत ज्यांनी पोपटांना हातही लावला नव्हता तेही आजारी पडायला लागले, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुखानं सगळी माणसं बाहेर काढली आणि इमारतीत विषारी धुरी दिली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी पोपटांच्या आयातीवरच बंदी घातली. हाच तो पोपटज्वर, सिटॅकोसिस. वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ श्वासातून गेली की होतो. आज त्यावर औषध आहे, घाबरू नका. आजचा डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स देईल आणि माणूस बरा होईल. पण डॉक्टरला ‘घरात नवा पोपट आलाय’ हे सांगायला मात्र विसरायचं नाही.

यात मेख अशी, की पक्षी दुखणं लपवतो. माळावर जो अशक्त दिसला तो ससाण्यानं आधी उचलला. म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत बजी ताठ बसून दाखवतो. दुकानातला टुणटुणीत दिसणारा पक्षी आतून पोखरलेला असू शकतो. म्हणून नवा पाहुणा आला की तो थेट टिल्लूच्या शेजारी न्यायचा नाही. दार लावता येईल अशी वेगळी खोली, वेगळा पिंजरा, वेगळ्या वाट्या. निदान तीस दिवस, पंचेचाळीस झाले तर उत्तम. दाणापाणी आधी टिल्लूचं करायचं, मग नव्याचं. उलट कधीच नाही. नव्याच्या खोलीतून आल्यावर हात साबणानं धुवायचे आणि अंगातला शर्टही बदलायचा. ही खोली कुठली, ते शेवटी बोलू.

आणि एक काम तुमच्याकडे. आईचा तो पीठ मोजायचा डिजिटल काटा घ्यायचा, त्यावर एक छोटी दांडी ठेवायची आणि नव्याला रोज सकाळी दाण्याआधी त्यावर बसवायचं. बजीचं वजन साधारण तीस ते चाळीस ग्रॅम. त्यातले तीन-चार ग्रॅम कमी झाले तर तुमच्या डोळ्यांना काही दिसणार नाही, कारण वर पिसांचा कोट असतो. पण ती दहा टक्के घट आहे. माझं वजन साठ किलो धरलं तर सहा किलो उतरल्यासारखं. वहीत आकडे लिहा. वही खोटं बोलत नाही, पक्षी बोलतो.

आता तुम्हाला वाटेल, महिनाभर नुसतं दार बंद करून बसायचं, त्यात कसली आली गंमत? अरे, खरी गंमत तर बंद दारातूनच सुरू होते.

टिल्लूची ती ‘चिर्रिप’ हाक सेकंदाच्या एक-दोन दशांशाएवढीच असते. आपल्या कानाला सगळ्या बजींचा ‘चिर्रिप’ सारखाच. पण तो आवाज यंत्रानं कागदावर काढला तर प्रत्येकाची रेघ वेगळी दिसते. कुणाची आधी वर चढून खाली येते, कुणाची मधेच थरथरते. आणि ही हाक जन्मभर तशीच राहत नाही. त्याच मेरीलँड राज्यातल्या विद्यापीठात शास्त्रज्ञांनी एकमेकांना अनोळखी बजी एकत्र ठेवले. काही आठवड्यांत त्या सगळ्यांची मिळून एक हाक तयार झाली! हे संशोधन १९९४ मध्ये छापून आलं. पुढे कॅलिफोर्नियात नर-मादीच्या जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा कळलं की जोडी जमते तसा नर आपली हाक सोडून मादीच्या हाकेची नक्कल करायला शिकतो. आपली मालवणची मामी सांगलीला आली आणि हळूहळू ‘खंय’चं ‘कुठं’ झालं ना? तसंच, फक्त बजींच्यात मालवणी मामाला शिकावी लागते.

त्यांच्या दूरच्या भावंडांची गोष्ट तर याहून नवलाची. व्हेनेझुएलात मुठीत मावेल एवढा हिरवा पोपट आहे. तिथे कार्ल बर्ग या शास्त्रज्ञानं घरट्यांत कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक बसवले. पिल्लांना बोलता येण्याआधीच आईबाप प्रत्येक पिल्लाला उद्देशून वेगळी हाक घालतात आणि पिल्लू मोठं होताना तीच हाक थोडीफार फिरवून स्वतःची म्हणून वापरतं. त्यांनी अंडीही एका घरट्यातून दुसऱ्या घरट्यात बदलून पाहिली. पिल्लांच्या हाका पाळणाऱ्या आईबापाशी जुळल्या. म्हणजे हे रक्तातून आलेलं नव्हतं, बारसं झालेलं होतं.

तर नवा पाहुणा बंद दाराआड असताना टिल्लूची दृष्टी तिथे पोचणार नाही, पण कान पोचणार. पहिल्या दिवशी तो गप्प होईल. डोकं एका बाजूला कलवून बसेल, दाणाही उशिरा खाईल. मग एक हाक टाकेल आणि थांबेल. पलीकडून उत्तर येईल. पुढे पुढे तर दोघं सकाळी तुमच्या आधी उठून भिंतीआडून एकमेकांना हाका घालत बसतील. तेव्हा वैतागून ओरडायचं नाही. उलट कान देऊन ऐकायचं, कुणाची हाक कुणाकडे सरकतेय ते. माझी अटकळ अशी, की दार उघडण्याआधीच यांचं निम्मं काम झालेलं असतं.

महिना सरला, पक्ष्यांच्या डॉक्टरनं शीट तपासून बरं म्हटलं, की मग पिंजरे एका खोलीत आणायचे. आधी लांब, दोन टोकांना. रोज थोडे जवळ. एकदम चिकटवायचे नाहीत. याचं कारण टिल्लूच्या पायात आहे. बघ त्याचा पाय. चार बोटं, दोन पुढे आणि दोन मागे, त्यामुळे तो तारेला घट्ट धरून लटकतो. आता लटकणाऱ्याची बोटं पलीकडच्या पिंजऱ्यातल्याला सगळ्यात आधी दिसतात. चिडलेला पक्षी तिथेच चोच मारतो. चोच कसली, अडकित्ताच तो! बजीनं बजीला मारली तर रक्त निघेल. मोठ्या चोचीच्या पक्ष्यानं मारली तर बोटच जाईल. म्हणूनच खरा लव्हबर्ड बजीच्या पिंजऱ्यात कधी ठेवू नये. नाव प्रेमाचं असलं तरी तो भलताच भांडखोर.

या दिवसांत टिल्लूच्या डोळ्यांकडे बघत जा. मधली काळी बाहुली एकदम टाचणीएवढी होते आणि पुन्हा पसरते. पोपटांना आपली बाहुली झरझर लहान-मोठी करता येते. बाहुली अशी लपलपत असेल, पिसं अंगाला चापून बसली असतील, मान पुढे आणि चोच उघडी, तर तो ‘मागे सरक’ म्हणतोय. बाहुली तशीच लपलपतेय पण डोक्यावरची पिसं फुलून आलीत आणि तो मान डोलावत गुणगुणतोय, तर मात्र नवा गडी त्याला आवडलाय. एकच डोळा, पण दोन अर्थ. नुसता डोळा वाचून चालत नाही, सगळा पक्षी वाचावा लागतो.

त्यांना एकमेकांत काय दिसतं, तेही आपल्याला पूर्ण दिसत नाही बरं का. बजीच्या डोक्यावरची आणि गालाजवळची पिवळी पिसं अतिनील किरणं शोषून घेतात आणि त्यांचा पिवळा उजेड करून परत टाकतात. मुळात हे पक्षी अतिनील प्रकाश बघू शकतात, आपण नाही. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग केला. काही बजींच्या डोक्यावर चक्क सनस्क्रीन चोपडलं, तुझी आई पोहायला जाताना लावते तेच! चमक गेली. मग जोडीदार निवडायची वेळ आली, तेव्हा सनस्क्रीनवाल्यांकडे कुणी फारसं बघेना. फक्त टिल्लूची गोष्ट वेगळी. निळ्या बजीच्या डोक्यावर पिवळा रंगच नसतो, तेव्हा त्याला गाण्यावरच भागवावं लागणार.

पिंजऱ्याचं दार उघडायचं ते खोलीत, मोकळ्या जागी. खिडक्या बंद, आरसे झाकलेले, पंखा बंद, आणि तो सुरू करायची कुणाला आठवणही होऊ नये म्हणून बटणावर चिकटपट्टी. दोघांपैकी कुणाच्याच मालकीची नसलेली जागा हवी. नव्याला उचलून टिल्लूच्या पिंजऱ्यात सोडणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. ती दांडी, ती वाटी, तो समुद्रफेसाचा तुकडा, सगळं त्याचं आहे. पुढे एकत्र ठेवायचं ठरलं तरी मोठा नवा पिंजरा घ्यायचा, नाहीतर जुना धुऊन दांड्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे दोघांनाही तो नवाच वाटेल. आणि दाण्याच्या वाट्या दोन, पाण्याच्या दोन, एकमेकींपासून लांब.

जुन्या पक्ष्याचा मान हा काय प्रकार असतो, त्याची एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत अ‍ॅलेक्स नावाचा करडा पोपट होता. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी त्याला १९७७ मध्ये शिकागोच्या दुकानातून विकत घेतलं आणि तीस वर्षं शिकवलं. तो नुसता बोलत नव्हता. रंग, आकार, आकडे ओळखून उत्तर देत होता. त्याला शिकवायची पद्धत अशी, की दोन माणसांनी त्याच्यासमोर एकमेकांना प्रश्न विचारायचे, बरोबर उत्तर दिलं की वस्तू मिळते हे त्यानं बघायचं, आणि चुरशीनं मध्ये तोंड घालायचं. पुढे १९९५ मध्ये तिथे ग्रिफिन नावाचं पिल्लू आलं. आता अ‍ॅलेक्स झाला दादा. ग्रिफिन एखादा शब्द अडखळत म्हणू लागला, की हा पलीकडून म्हणायचा, “नीट बोल!” कधी ग्रिफिनला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाच देऊन टाकायचा.

एकदा ग्रिफिनला ‘टिक टिक’ असे दोन आवाज ऐकवून किती ते विचारलं. ग्रिफिन गप्प. पुन्हा दोन आवाज काढले. तरी गप्प. पलीकडून अ‍ॅलेक्स म्हणाला, “चार.” बाईंनी त्याला दटावलं, तुला नाही विचारलं. आणखी दोन आवाज काढले, तर अ‍ॅलेक्स म्हणाला, “सहा!” त्याला बेरीज कुणी शिकवली नव्हती. त्यातूनच पुढे पेपरबर्गबाईंनी पोपटांच्या बेरजेवर प्रयोग केले. धाकट्याच्या शिकवणीत नाक खुपसल्यामुळे थोरल्याची हुशारी जगाला कळली, असं म्हणायला हरकत नाही. तेव्हा नवा पाहुणा आला म्हणून टिल्लूचं कौतुक थांबवू नका. सकाळी आधी त्याच्याशी बोला, आधी त्याला मेथीची काडी द्या. दादाचा मान राहिला की दादा निम्मा निवळतो.

“पण आजोबा, मुलगा आणायचा की मुलगी?”

हां, हा खरा प्रश्न. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जो मांसल पट्टा असतो तो बघायचा. वयात आलेल्या नराचा बहुधा निळा, मादीचा तपकिरी. पिल्लांचा गुलाबी-जांभळट, तिथे भले भले फसतात. दोन नर साधारण गुण्यागोविंदानं राहतात, दिवसभर एकमेकांना गाणी ऐकवतात. दोन माद्या पिंजरा लहान असला तर हमरीतुमरीवर येतात. नर-मादी आणलीत तर दुकानदार सोबत मडकं देईल. आपल्याकडे बजी मडक्यात अंडी घालतात. ते मडकं घ्यायचं नाही. मडकं नसलं की बहुतेक वेळा अंड्यांचा विचारही पुढे सरकत नाही. वर्षभरात दोनाचे बारा झाले तर ते कुठे ठेवायचे? सुटले तर रानात जगणार नाहीत. घार आणि कावळे तयारच असतात.

आणि आंब्यावर येतो तो आपला लाल गळपट्टीचा राघू आणू या, असं पलीकडचे काका म्हणाले तर मान हलवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं, सगळंच गुन्हा आहे. त्याची जागा झाडावर.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं? दोघं एका दांडीवर, पण हातभर अंतर ठेवून बसले तरी ठीक चाललंय. एकानं जांभई दिली आणि मागोमाग दुसऱ्यानं दिली तर आणखी बरं. बजींमध्ये जांभई एकाची दुसऱ्याला लागते. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रयोगानं दाखवलंय. सगळ्यात मोठी खूण मात्र पिसं झडायच्या मोसमात मिळते. नवं पीस पांढऱ्या, कडक नळीत गुंडाळलेलं येतं. ती नळी चोचीनं कुरतडून सोलावी लागते, तेव्हा पीस उलगडतं. अंगावरच्या नळ्या पक्षी स्वतः सोलतो. पण डोक्यावर, मानेवर चोच पोचणार कशी? एकटा टिल्लू म्हणूनच त्या दिवसांत दांडीवर डोकं घासत बसतो आणि त्याचं डोकं काटेरी दिसतं. जोडीदार मिळाला, की एक जण मान खाली घालून डोळे मिटतो आणि दुसरा एकेक नळी अलगद सोलून देतो. चुकून कोवळी नळी दाबली गेली तर ‘चर्र’ करून ओरडतोही, कारण आत रक्त खेळतं असतं. ओरडतो, आणि पुन्हा डोकं पुढे करतो.

आणि नाहीच जमलं तर? तर दोन पिंजरे, शेजारी शेजारी, हातभर अंतरावर. त्यातही गैर काही नाही. आवाज तर मिळतो. २०२३ मध्ये अमेरिका आणि स्कॉटलंडच्या संशोधकांनी लांबलांबच्या घरांतल्या अठरा पोपटांना घंटी वाजवून व्हिडिओ कॉल मागायला शिकवलं. टॅबलेटवर मित्राचं चित्र यायचं, पोपट जिभेनं किंवा चोचीनं ते दाबायचा आणि पलीकडच्या पोपटाशी गप्पा मारायचा. ज्यांनी जास्त फोन केले त्यांना फोन आलेही जास्त. तुझ्या आत्याला हे सांग जरा.

आता राहिली ती खोली. दार लागणारी, टिल्लूपासून लांब, उजेड असलेली अशी या घरात एकच खोली आहे, आणि तिथे आजीचं शिवणयंत्र, ब्लाउजपिसांची गाठोडी आणि दिवाळीचे डबे आहेत. ती दीड महिन्यासाठी मागायला तुम्ही दोघं जा. मी बाहेर थांबतो.